हेलसिंकीतल्या सोम्पासौनाला सासू-सासऱ्यांना नेऊ का?

नवी_हेलसिंकीकर
नमस्कार मंडळी, आम्ही दोघं नोकरीनिमित्त इकडे फिनलंडला आहोत आणि जूनमध्ये सासू-सासरे येतायत. सासऱ्यांनी कुठेतरी सोम्पासौनाचा व्हिडिओ बघितला (सौना म्हणजे भट्टीने कडक तापवलेली खोली, आत बसून घाम काढायचा), तो फुकटवाला, समुद्राकाठचा, जिथे कोणी मालक नाही आणि लोक स्वतःच लाकडं घालून पेटवतात, आणि आता रोज फोनवर एकच, "मला तिथे जायचंय". वय ६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत, रोज पर्वती चढतात. सासूबाई म्हणतात मी बाहेर बाकावर बसेन, पण मला माहितीय त्या ऐनवेळी आत येणार 😄 माझी खरी पंचाईत वेगळी आहे. तिथे बायका-पुरुष एकत्र आणि बरेचजण विदाऊट कपडे असतात म्हणे. सासऱ्यांसमोर मी काय तोंड लपवू?? आणि नवऱ्याला विचारलं तर तो नुसता हसतो. कोणी घरच्या मोठ्यांना घेऊन गेलंय का? काय न्यायचं, कधी जायचं, सगळं सांगा.

एस्पोचा_भाऊ
ताई, कपड्यांचं टेन्शन सगळ्यात शेवटी घ्या. तिथे स्विमसूटही चालतो आणि काही न घालणंही चालतं, कोणी कोणाकडे बघत नाही, तुम्ही चौघं स्विमसूटमध्ये गेलात तर तुमच्याकडेही कोणी बघणार नाही. खरी गोष्ट ही की तिथे स्टाफ नाही. तिकीट नाही, काउंटर नाही, लॉकर नाही, गरम पाण्याचा शॉवर नाही, चोवीस तास बारा महिने उघडं. तुम्ही पोचलात आणि भट्टी थंड असली तर ती तुम्हीच पेटवायची, आणि बसण्यासारखं गरम व्हायला तासभर सहज जातो. लोक हे विसरून टॉवेल घेऊन येतात आणि मग दुसऱ्या कोणीतरी आणलेल्या लाकडांवर शेकत बसतात, मला ते अजिबात पटत नाही. पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या सुपरमार्केटात बर्चच्या लाकडांची पिशवी मिळते, एक उचला. रंगवलेली किंवा पॉलिश केलेली लाकडं, पॅकिंगचा कचरा वगैरे भट्टीत नाही. काडेपेटी, थोडा कोरडा कागद, प्यायचं पाणी आणि भट्टीवरच्या दगडांवर टाकायला वेगळं गोडं पाणी न्या.

सासऱ्यांना गोष्ट सांगायला: २०११ मध्ये काही लोकांनी सोम्पासारीच्या मोकळ्या पडलेल्या बंदराच्या जागेत जुनं सामान गोळा करून, कोणाची परवानगी वगैरे न घेता ते बांधलं. शहराने पाडलं, यांनी परत उभं केलं. मग रीतसर संस्था झाली, परवानगी मिळाली. तिथे इमारती आल्या तसं ते हललं, आता मुस्तिक्कामा बेटावर आहे. कालासातामा मेट्रोला उतरून पुलावरून चालत जाता येतं, सासऱ्यांना पर्वतीची सवय आहे म्हणता म्हणजे काहीच नाही.

वऱ्हाडी_बाणा
मे महिन्यात चंद्रपूरले या ना बावा, फुकट सौना, लाकडं बी नाही लागत, समुद्र तेवढा नाही आपल्याकडे 😂

टाम्परे_ताई
@वऱ्हाडी_बाणा हसा हसा, पण चंद्रपूरचं ऊन आणि सौना यात फरक आहे. आत हवा ८० डिग्रीच्या आसपास असते पण कोरडी, घाम लगेच उडतो म्हणून सहन होते. किउआसच्या, म्हणजे सौनाच्या भट्टीच्या, दगडांवर पळीभर पाणी पडलं की ल्योल्यू उठते, ती वाफ अंगावर येऊन पाणी होते आणि तेव्हा कान चटकतात. तेवढ्यासाठी तर इथले लोक बसतात. म्हणून मोठ्यांना खालच्या फळीवर बसवा, वरची फळी सगळ्यात गरम. आणि पाणी टाकायच्या आधी वर बसलेल्यांना विचारायचं, सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण आपल्याकडचे पुरुष पळी हातात आली की थांबत नाहीत.

नवी, सासूबाईंना एक सांग: मंगळसूत्र, बांगड्या, कानातले सगळं घरी काढून ठेवायचं. सोनं तापतं आणि चटका बसतो. त्या मंगळसूत्र काढायला नाही म्हणाल्या तर वाद घालू नकोस, त्यांना बाहेर बसून समुद्र बघू दे. डोक्याला तेल चोपडून नको. बसताना खाली टॉवेल घ्यायचा, हे सगळीकडे. फोटो काढायचे नाहीत, फोन पिशवीतच. इथे कोणी रागावून बोलणार नाही पण नजर कळते.

आणि अगदीच संकोच वाटत असेल तर हेलसिंकीतच कोतिहार्यू नावाचा सार्वजनिक सौना आहे, १९२८ चा, लाकडावर चालतो, बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. पैसे पडतात पण तू आणि सासूबाई एकीकडे, ते दोघं दुसरीकडे, प्रश्नच मिटला. आमच्याकडे टाम्परेत रायापोर्त्तीही आहे, १९०६ पासूनचा, पण त्यासाठी ट्रेनने यावं लागेल. या की, पोहे करते.

कुओपिओवाला
बीपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. गोळीने बीपी कंट्रोलमध्ये असेल तर सहसा चालतं, पण सौनात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी उतरतं, त्यात गोळीचा असर, म्हणून एकदम उभं राहिलं की चक्कर. हळू उठायचं, कोणीतरी सोबत. पहिल्यांदा पाच-सात मिनिटं पुरे. नुकताच हार्ट अटॅक किंवा छातीत दुखणं असेल तर नाहीच, आणि काहीही असलं तरी निघायच्या आधी पुण्यातल्या डॉक्टरांना एकदा विचाराच. बिअर सौनानंतर, आधी नाही. गरम अंगाने समुद्रात सूर मारू देऊ नका, जूनमध्येही पाणी भयंकर गार असतं, शिडीने पायापासून हळू.

आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की सौनाने हार्ट अटॅक टळतो, ते आमच्या इथल्या २०१५ च्या अभ्यासावरून. सुमारे २३०० मध्यमवयीन फिनिश पुरुष, वीसेक वर्षं पाहिले, आठवड्यात चार ते सात वेळा बसणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू कमी. पण ते सगळे लहानपणापासून बसणारे पूर्व फिनलंडचे लोक, आणि ठणठणीत माणूसच जास्त बसतो हेही आहे. सासरे हा मेसेज दाखवून अर्धा तास बसायचं म्हणतील, ऐकू नका.

नवी_हेलसिंकीकर
अरे बापरे किती छान माहिती, सगळ्यांना थँक्यू! सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले भट्टी मी पेटवणार, आमच्या लहानपणी बंबात ढलप्या मीच घालायचो. आता अजून एक, रात्री नऊला गेलं तर चालेल का? उजेड असतो ना तेव्हा.

एस्पोचा_भाऊ
जूनमध्ये सूर्यच पावणेअकराच्या सुमारास मावळतो, उजेडाचा प्रश्न नाही, पण शुक्रवार-शनिवार रात्र टाळा, गर्दी आणि पिणारे दोन्ही. मधल्या वारी सकाळी किंवा दुपारी जा, सासऱ्यांना भट्टीही मोकळी मिळेल. आणि त्याआधी तुमच्या बिल्डिंगमध्ये सौनाचा तास बुक करता येतो का बघा, बहुतेक सोसायट्यांत असतो. चौघं तिथे एकदा बसून बघा, कोणाला किती झेपतं ते कळेल.

टाम्परे_ताई
हे बेस्ट. आणि चपला न्या गं, बाहेर खडक आणि ओल्या फळ्या असतात.