‘दुपारभराचं काम’ म्हणे!

टिळकवाडीकर:
काल कुणीतरी लिहून गेलं, “हातानं लिहिलेलं ऑप्शन पार्सिंग उपटा, आर्गपार्स घाला, दुपारभराचं काम.” म्हणजे कमांडपुढं लिहिलेले -ओ सारखे ऑप्शन ओळखणारा आमचा स्वतःचा कोड काढायचा आणि पायथनची तयार लायब्ररी आर्गपार्स वापरायची. असला कोड कधी सांभाळावा लागला नसला की असंच वाटतं. आमच्या फाउंड्रीच्या हिशेबाच्या टूलमध्ये -ओ चा अर्थ प्रत्येक सबकमांडला (टूलमधल्या पोटकामाला) वेगळा, कबूल. पण रात्रीचे सगळे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी कामं, त्यावरच चालतात. वर आर्गपार्स लांब ऑप्शनची अर्धवट नावंही खपवून घेतं. कुणी --आउट लिहिलं, ते --आउटपुट म्हणून चाललं. पुढं तुम्ही --आउटलाइन वाढवलंत की तोच क्रॉन ‘अँबिग्युअस’ (नक्की कुठला ते कळेना) म्हणून आडवा.

खानापुरी_मिरची:
लिहिणारा मीच. अर्धवट नावं नको असली तर अलाऊ_अ‍ॅब्रेव्ह फॉल्स करायची सोय पायथन ३.५ पासून आहे. डॉक्स वाचा की जरा.

टिळकवाडीकर:
आणि ३.८ च्या आधी ते फॉल्स केलं की -व्हीव्ही असे जोडून लिहिलेले एकाक्षरी ऑप्शनही बंद पडायचे, तेवढं पान गाळलंत काय? आमचा सर्व्हर ३.६ वर आहे.

खानापुरी_मिरची:
मग दुखणं सर्व्हरचं, औषध मला कशाला मागताय?

उद्यमबागवाला:
मर्दांनो, --हेल्प मधली वापराची माहिती वाचतो कोण ते आधी सांगा. शॉपवरची पोरं कोण मराठी, कोण कन्नड, हेल्प इंग्रजीत. शेवटी कमांड कागदावर लिहून सीएनसी मशीनला चिकटवतात.

निपाणीकर:
मराठीतच पाहिजे. इथं बेळगावात तरी.

गोकाक_रोड:
आणि आमची कन्नड पोरं काय करणार? बोर्डावरच्या भाषेचं भांडण टर्मिनलवर आणू नका.

निपाणीकर:
भांडण कोण आणतंय? कारखान्यात मालकाशी मराठी, सुपरवायझरशी कन्नड बोलतच की सगळे. हेल्पपुरतंच इंग्रजी का?

उद्यमबागवाला:
दोन्ही ठेवा, आर्गपार्सचे स्वतःचे मेसेज गेटटेक्स्ट या भाषांतराच्या सोयीतूनच जातात. पण मी करून बघितलंय. रकाने वाकडेतिकडे येतात, कारण रुंदी धरताना ते काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजतं. कन्नडचंही तेच. त्या बाबतीत दोघांवर सारखाच अन्याय, खूश?

गोकाक_रोड:
😂 एवढ्यावर एकमत.

खानापुरी_मिरची:
मूळ मुद्दा मेला वाटतं. बरं टिळकवाडीकर, तुमच्या क्रॉनमहाराजांसाठी जुना -ओ वर्षभर ठेवतो, वापरला की एसटीडीएररवर (चुकांचे मेसेज जातात तिथं) इशारा. झालं समाधान?

टिळकवाडीकर:
क्रॉनच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एसटीडीएरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकललंय. इशारा द्यायचाच तर लॉग फाइलमध्ये लिहा. आणि दुपारभरात करून दाखवा.