पोपटी, हुरडा, भरीत... शेतावर जेवलात कधी?

थंडी पडली की उघड्यावर काहीतरी भाजून खायचे बेत सुरू होतात. तुमच्याकडे काय करतात, कसं करतात, काय फसलं ते सविस्तर लिहा. नुसतं 'मस्त असतं' नको.

सुरुवात मी करते. माहेर अलिबागजवळ. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे आणि केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं उलटं ठेवून भोवती गोवऱ्या, पेंढा, लाकडं रचून पेटवतात. अर्ध्यापाऊण तासाने काका मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र करून थेंब उडून गेले की झाली. लग्नानंतर आम्ही दोघांनीच लावली तेव्हा मला धीर निघाला नाही, वीस मिनिटांत उघडली. शेंगा कच्च्या, चिकन आतून गुलाबी. वाफ एकदा गेली की गेली. त्या रात्री पिठलं-भात जेवलो, आणि मला खरंच रडू आलं.

---

पुण्यात भांबुर्डी मिळाली नाही म्हणून आम्ही कोबीची पानं घातली. शेंगा शिजल्या, पण तो वास आलाच नाही.

---

बार्शीकडचा मी. आमचा हुरडा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, सुरती ज्वारीची कणसं निखाऱ्यात खुपसायची. कणीस चटके देतं तेव्हाच तळहातावर चोळावं लागतं, गार झालं की दाणा नीट सुटत नाही. फुंकर मारून कोंडा उडवायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा हिरवा, दुधाळ असतो तेवढेच दिवस ही गोडी. पुढे तो निबर होतो. मागच्या वर्षी हायवेजवळच्या एका ठिकाणी पैसे भरून हुरडा खाल्ला. आधीच चोळून ठेवलेला, ताटलीत गार. वाईट वाटलं, कारण मुलांचा तो पहिलाच हुरडा होता.

---

जळगाव. भरीत! आमच्या हिरव्या, मोठ्या, कमी बियांच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत भाजलेल्या मिरच्या-लसणासोबत ठेचायची, मग कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. गॅसवरच्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, आईने पाहुण्यांसाठी गच्चीवर काड्या पेटवल्यात तेवढ्यासाठी. गावात भरीत सेंटरंही आहेत, किलोवर मिळतं, आणि चांगलं मिळतं.

---

पुण्याच्या ताईंना: भांबुर्डी बाजारात शोधू नका, ती शेताच्या बांधावर आपोआप उगवते. जानेवारीत माहेरी जातेय. ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते. मडकं तेवढं तुम्ही बघून ठेवा.