शब्दचर्चा : सूर्याचं 'खळं' म्हटलं तर चुकतं का?

खाडीपलीकडची
२३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी शाळेत भित्तिपत्रक करतेय, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी, विषय आदित्य-एल१, म्हणजे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान. मधे सूर्य, भोवती कोरोना म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, डावीकडे यान. कोरोनाला मी 'सूर्याचं खळं' लिहिलं, कारण 'कोरोना' म्हटलं की पोरं तोंडावर हात धरून मास्क मास्क करायला लागतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही. तर एका सहकाऱ्यांनी ते काढायला लावलं. म्हणे खळं चंद्राला पडतं, सूर्याला नाही, आणि आपल्याकडे खळं म्हणजे अंगण, कोणी बाहेरचं बघायला आलं तर काय म्हणेल. मी त्या शब्दावर पांढऱ्या कागदाचा चिटोरा डकवला, पण स्केचपेनचा ख अजून खालून दिसतोय. मला पटलेलं नाही. तुम्ही काय लिहाल?

ओटीवरून
सूर्यालाही खळं पडतं की! मीच पाहिलंय, वर पातळ पांढरे ढग पसरले होते आणि सूर्याभोवती मोठंच्या मोठं कडं. हात लांब करून पंजा ताणला, अंगठा सूर्यावर ठेवला तर करंगळी बरोबर कड्यावर. ते अंतर २२ अंशांचं असतं. (सूर्य अंगठ्याने झाकूनच बघा, नुसत्या डोळ्यांनी नको.)
पण शब्द बदलायचं कारण वेगळंच आहे. खळं आपल्या हवेत असतं, वरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांतून उजेड वाकतो म्हणून दिसतं. ढग गेला की खळं गेलं. कोरोना सूर्याचा स्वतःचा आहे, लाखो किलोमीटर पसरलेला आणि तापमान १०-२० लाख अंश, जेव्हा खाली सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार. इतकं का तापतं हेच तर आदित्य शोधतोय. त्याला खळं म्हटलं की मुलांना वाटणार हेही ढगाचंच काम.

दर्यावर
आमची आजी ओसरीवर बसान सांगायची, "चंद्राक खळां पडलां, आता पाऊस येतलो." आणि एक पुढचं, लांब खळं तर जवळ पाऊस, जवळ खळं तर लांब पाऊस. म्हणजे खळी दोन प्रकारची. त्या जवळच्याला काय म्हणतात शास्त्रात?

ओटीवरून
@दर्यावर काय बोललात! ते चंद्राला चिकटून असतं ना, आतून पांढुरकं, कडेला तांबूस, ते बर्फाचं नसतं, पाण्याच्या बारीक थेंबांचं असतं. आणि हवामानशास्त्रात त्या जवळच्या कड्याचं नाव कोरोनाच आहे. लांबचं ते हॅलो. म्हणजे एका अर्थाने बाईंचं खळं बरोबर, फक्त कोरोना दुसरा.

परिभाषाप्रेमी
हा घोळ टाळण्यासाठीच परिभाषा लागते. एका वस्तूला एकच शब्द. कोरोना म्हणजे लॅटिनमध्ये मुकुट, त्याला आपला 'किरीट' तयार आहे. आतून बाहेर दीप्तिमंडल (सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग), वर्णमंडल (त्याच्यावरचा थर), किरीट अशी ओळ लागते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने केलेली सूट ही दुर्बीण त्यातल्या पहिल्या दोघांचे अतिनील फोटो काढते, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं व्हेल्क हे उपकरण सूर्याची तबकडी झाकून किरीट बघतं. किती स्वच्छ वाक्य झालं बघा. भाषाशुद्धीची चळवळ रत्नागिरीत बसून चालवली गेली, 'दिनांक' आणि 'महापौर' तेव्हा परकेच वाटले असणार, आज कोणाला खटकतात? शिकवलं की रुळतं. 'पोरांना कळत नाही' म्हणून आपण किती दिवस खाली उतरायचं?

सुपारीबाग
खाली उतरायचं म्हणजे काय? खळं खालचं आणि किरीट वरचा, हे कोणी ठरवलं? 'दिनांक' कागदावर रुळला, घरात आजही तारीखच विचारतात. मी भाषांतराची कामं करते, मागे आदित्यवर एक मजकूर आला त्यात यानाच्या फिरण्याच्या वाटेला 'हॅलो ऑर्बिट' होतं, कोशात 'प्रभामंडल कक्षा' सापडली, तशीच लिहिली आणि दोन ओळींवर कोरोनालाही प्रभामंडलच. वाचणाऱ्याने विचारलं, यान कोरोनात फिरतं का हो? यान पृथ्वीपासून फक्त १५ लाख किलोमीटरवर आहे, सूर्य १५ कोटी! तेव्हा हॅलो शब्द शोधत गेले आणि अंगावर काटा आला. ग्रीक 'हालोस' म्हणजे मळणीची जागा. धान्याचं खळं! त्यावरून सूर्यचंद्राभोवतीचं कडं. आणि आपलं खळं, संस्कृत खल, तेही मळणीचंच आणि आकाशातलंही. दोन भाषा, एकच चित्र. रॉबर्ट फार्क्वार या अमेरिकी अभियंत्याने १९६८ च्या प्रबंधात या कक्षेला हॅलो म्हटलं, कारण चंद्रापलीकडे तशी कक्षा असेल तर पृथ्वीवरून ती चंद्राभोवती कडं घातल्यासारखी दिसेल. मग आपण सरळ 'खळं-कक्षा' का म्हणू नये? बैल मेढीभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, फिरतो तसं आदित्य १७८ दिवसांत एक फेरी मारतो, आणि गंमत म्हणजे मधे मेढच नाही! एल-१ हा नुसता बिंदू, तिथे वस्तू काहीच नाही. सूर्याची आणि पृथ्वीची ओढ आणि फिरण्याचा वेग यांचा मेळ बसतो ती जागा.

दर्यावर
आमच्याकडची खळी चौकोनी असतात. दिवाळीच्या आसपास चोपण्याने चोपून शेणाने सारवायची, एका बाजूला तुळस. आणि भात आम्ही झोडतो, बैल घाटावर फिरवतात. गोल खळं बघितल्याचं मला आठवत नाही, पण चंद्राचं खळं मात्र गोल, हे लहानपणी कधी खटकलं नाही.

सुपारीबाग
आमच्या आजोळी राजापूरकडे बैल फिरवायचे, मी स्वतः त्यांच्यामागे फिरलेय.

परिभाषाप्रेमी
खल आणि हालोस एकाच मुळातले असतील असं मला वाटतं. ख चा ह होतोच, मुख-मुह, नख-नह.

सुपारीबाग
तो प्राकृतात होतो हो, ग्रीकमध्ये कसा होईल? दोघांनी वेगवेगळं पाहिलं आणि तेच म्हटलं, मला तर हेच जास्त मोठं वाटतं.

खाडीपलीकडची
म्हणजे खळं आता यानाच्या बाजूला न्यायचं? चिटोऱ्यावर मग काय? काल गणपतीच्या शाळेत गेले होते, तिथे मूर्तीमागे प्रभावळ रंगवत होते, सोनेरी आणि कडेला पाकळ्या पाकळ्या. कोरोनाचे ग्रहणातले फोटो अगदी तसे दिसतात. 'प्रभावळ' चालेल का?

ओटीवरून
मला आवडलं. शिवाय कोरोना दिसतो तो सूर्य झाकल्यावरच. चंद्राने झाकला तर ग्रहण, नाहीतर आपण झाकायचा. युरोपची प्रोबा-३ ही जोडी ५ डिसेंबर २०२४ ला आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून गेली, तिच्यातलं एक यान १५० मीटर पुढे राहून दुसऱ्यावर सावली धरतं.

गिर्ये-विजयदुर्ग
ग्रहणाचा विषय निघालाय आणि विजयदुर्गाचं नाव कोणी काढत नाही? १८ ऑगस्ट १८६८ ला हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला, साहेबाचे ओटे आजही आहेत, दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम होतो. भित्तिपत्रकात ते आलंच पाहिजे, मुलांना आपल्या जिल्ह्याचं कळायला नको?

ओटीवरून
यायलाच हवं, पण नीट. १८६८ च्या खग्रासची पट्टी आपल्याच किनाऱ्यावरून आत शिरली हे खरं. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, म्हणजे तुमचा साहेब, इंग्लंडात, त्याने सूर्याच्या उजेडातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. तो विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधला होता.

गिर्ये-विजयदुर्ग
आमच्या वडिलांनी हाताला धरून ओटे दाखवलेत. पुस्तकं लिहिणारे इथे येऊन गेलेत का?

ओटीवरून
ओटे खोटे कोण म्हणतंय! ज्याने सूर्यात नवीन मूलद्रव्य आहे असं ठामपणे सांगितलं तो माणूस जहाजाने आपल्या किल्ल्यावर आला, दुर्बिणी लावल्या, याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. फक्त साल १८९८ लिहा.

दर्यावर
ओटे की चौथरे? आमच्यात ओटा म्हणजे स्वयंपाकघरातला, बाहेरची ती ओटी.

परिभाषाप्रेमी
चौथरा. पण लोक साहेबाचे ओटे म्हणतात तर तेच विशेषनाम झालं, ते बदलू नये.

सुपारीबाग
@परिभाषाप्रेमी हेच खळ्याला लावा ना मग!
अजून एक अडलंय, इथेच विचारते. सोलर विंडला, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताला, 'सौरवात' लिहिलं तर घरच्यांना संधिवात आठवला. १९५८ मध्ये पार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा वारा गणिताने मांडला, त्याच्या नावाचं यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरपर्यंत जाऊन आलं. हा वारा सूर्याकडून सतत बाहेरच वाहतो. तर 'मतलई' म्हणता येईल का? मतलई जमिनीकडून दर्याकडे, ही सूर्याकडून बाहेर.

दर्यावर
मतलई पहाटेची. होड्या तिच्यावरच बाहेर काढायचे, शीड भरलं की वल्ही आत. पण ऊन चढलं की मतलई पडते, मग थोडा वेळ पाणी आरशासारखं आणि मग उलटा खारा वारा सुटतो. तुमचा तो वारा सतत वाहतो म्हणता, मग तो कधी पडतो का? पडत नसेल तर मतलई म्हणू नका.

ओटीवरून
उलटा फिरत नाही, पण पडतो! म्हणजे एकदा तरी पडला होता. १९९९ च्या मे महिन्यात, ११ तारखेच्या आसपास, सौर वारा इतका विरळ झाला की घनता नेहमीच्या दोन टक्क्यांच्याही खाली गेली. एस नावाचं यान तेव्हा एल-१ पाशीच होतं, त्याने मोजलं. पृथ्वीचं चुंबकीय कवच त्या दिवशी कितीतरी पट फुगलं, दाबायला वाराच नव्हता.

दर्यावर
मग चालेल. वारा पडला की आम्हीपण थांबून बघतो.