शोधपानावर मेनू गायब, पुस्तकं तीन-तीनदा

उशिराशिकलेला:
वाचनालयाची वर्डप्रेस साइट मी सांभाळतो. पुस्तक हा कस्टम पोस्ट टाइप (नोंदींचा स्वतः बनवलेला प्रकार), दाखल क्रमांक कस्टम फील्डमध्ये (नोंदीला जोडलेला जादा रकाना). शोधपेटीत दाखल क्रमांक टाकला तरी पुस्तक सापडावं, एवढीच मागणी. वर्डप्रेस शीर्षक, सारांश, मजकूर यापलीकडे शोधत नाही, म्हणून तीन हुक (वर्डप्रेसच्या कामात आपला कोड घुसवायच्या जागा) लावले. प्री_गेट_पोस्ट्समध्ये इज_सर्च() तपासून पोस्ट टाइप पुस्तकावर आणला, पोस्ट्स_जॉइनने पोस्टमेटा (कस्टम फील्डांचा तक्ता) जोडला, आणि पोस्ट्स_व्हेअरच्या शेपटीला 'ऑर मेटा_व्हॅल्यू लाइक' (किंवा फील्डमधलं मूल्य जुळलं तर) चिकटवलं.

क्रमांक सापडतो. पण शोधपानावर मेनू दिसत नाही (बाकी सगळीकडे दिसतो!), एकच पुस्तक तीन-तीनदा येतं, आणि काल एका सभासदाने अजून मसुद्यातच असलेल्या नोंदीचं नाव मला वाचून दाखवलं. कॅशे रिकामा करून झाला, थीम बदलून झाली.

कंसप्रेमी:
आधी मेनू. तुम्ही वापरलेलं सुटं इज_सर्च() पानाच्या मुख्य क्वेरीबद्दल (डेटाबेसकडे केलेल्या मुख्य मागणीबद्दल) बोलतं. शोधपानावर मेनूची क्वेरी चालू असतानाही ते 'हो'च म्हणणार. मेनूच्या नोंदीही आतून पोस्टच असतात, त्यांचा टाइप तुम्ही 'पुस्तक' केलात, मग सापडणार काय? हातात आलेल्या क्वेरीलाच विचारा: तू इज_मेन_क्वेरी() का, तू इज_सर्च() का. इज_अ‍ॅडमिन() असेल तर हात लावू नका.

मसुदा बाहेर आला तो कंसाअभावी. एसक्यूएलमध्ये अँड आधी सुटतो, ऑर नंतर. त्यामुळे 'टाइप पुस्तक, स्थिती प्रकाशित' एका बाजूला राहिलं आणि तुमचा ऑर दुसऱ्या बाजूला मोकाट. पोस्ट्स_व्हेअर सोडा, पोस्ट्स_सर्च घ्या. त्याच्या हाती फक्त शोधाचा तुकडा येतो, ऑर त्याच्या कंसात बसवा.

जॉइननको:
तीनदा येतं ते जॉइनमुळे. पोस्टमेटात त्या पुस्तकाच्या जितक्या ओळी जुळतील तितक्यांदा ते येणार. पोस्ट्स_डिस्टिंक्ट लावून झाकता येतं, पण ते झाकणंच. जॉइन काढा आणि दाखल क्रमांकाची मेटा_की (फील्डचं नाव) सांगून सबक्वेरीने (क्वेरीच्या आतल्या क्वेरीने) आयडी आणा. मेटा_कीवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असतो, मेटा_व्हॅल्यूवर नाही. की न सांगता लाइक चालवलंत तर अख्खा तक्ता चाळला जातो.

सभासदाने टाइप केलेलं आधी एस्क_लाइक, मग प्रिपेअर यांतून काढा, म्हणजे ते एसक्यूएलची आज्ञा म्हणून चालणार नाही. हे न करता जोडलं असेल तर मेनू राहू दे, ते आज बदला. शेवटी क्वेरीचा रिक्वेस्ट (तयार झालेलं एसक्यूएल) छापून डोळ्यांनी वाचा. मी तरी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

उशिराशिकलेला:
प्रिपेअर नव्हतं. आता आहे.

मेनू आला, पुस्तक एकदाच येतं, मसुदे आत गेले. मग अ‍ॅडमिनमधल्या यादीत काहीही शोधलं तरी सगळी पुस्तकं हजर! तासभर खपलो. प्री_गेट_पोस्ट्समधली 'अ‍ॅडमिन असेल तर रिटर्न' ही ओळ पोस्ट्स_सर्चमध्ये जशीच्या तशी उचलली होती. तिकडे अ‍ॅक्शन, नुसतं रिटर्न चालतं. इकडे फिल्टर, रिकाम्या हाताने परतलं की शोधाची अटच पुसली जाते. आलेला तुकडा परत दिला आणि यादी सुधारली.