बारावीनंतर लॉ आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र करता येतं का? मुलीसाठी सल्ला हवाय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. लेक बारावी आर्ट्सला आहे, आम्ही साताऱ्याला असतो. गेल्या दिवाळीत माझी भाची मँचेस्टरहून आली होती, ती तिकडे लॉ विथ क्रिमिनॉलॉजी अशी डिग्री करतेय. दोघी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गच्चीवर गप्पा मारत बसायच्या आणि तेव्हापासून आमच्या बाईसाहेबांनी घोषा लावलाय की मला पण हेच करायचं, दोन्ही एकत्र, एकाच डिग्रीत. तिकडे पाठवायची आमची ऐपत नाही हे तिलाही माहितीये. यांचं म्हणणं, पोलीस व्हायचंय का तुला, मग सरळ एमपीएससी कर. क्लासवाल्यांना विचारलं तर एक म्हणतो फॉरेन्सिक कर, दुसरा म्हणतो लॉला घाला आणि सोबत दुसऱ्या कॉलेजात क्रिमिनॉलॉजीचं पण अ‍ॅडमिशन घेऊन ठेवा, हल्ली दोन डिग्र्या चालतात. खरंच चालतात का? आणि पुढे पोटापाण्याचं काय?

शेवटची_लोकल
बीएस्सी फॉरेन्सिक. डोळे झाकून. मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी इन्स्टिट्यूट आहेत, फी पण परवडते. नवीन कायदे आल्यापासून डिमांड आहे.

फौजदारी_बाजू
अहो लोकल, मुलगी आर्ट्सची आहे, वाचा की आधी. बीएस्सीला सायन्स लागतं.

ताई, मी १६ वर्षं फौजदारी बाजूला वकिली करतोय, जिल्हा कोर्टात. पहिलं त्या दुसऱ्या क्लासवाल्याचं ऐकू नका. यूजीसीने २०२२ ला दोन डिग्र्या एका वेळी करायला परवानगी दिली हे खरंय, पण लॉला बार कौन्सिलचे नियम वेगळे. २००८ च्या नियमांत सरळ लिहिलंय की लॉ चालू असताना दुसऱ्या रेग्युलर डिग्रीला नाव घालता येणार नाही, इंटिग्रेटेड कोर्स सोडून. भाषेचे, कॉम्प्युटरचे छोटे सर्टिफिकेट कोर्स आणि डिस्टन्सचे कोर्स तेवढे चालतात. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजात नाव घालून ठेवायचा उद्योग करू नका, पाच वर्षं घासून शेवटी सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, फॉर्मपाशी अडकली तर रडू येईल.

दुसरं म्हणजे फॉरेन्सिक वेगळं आणि क्रिमिनॉलॉजी वेगळं, टीव्हीवाल्यांनी सगळा काला करून ठेवलाय. रक्ताचा डाग कुणाचा, सही खरी का खोटी, विष कुठलं, हे फॉरेन्सिक, ते लॅबचं काम. आम्ही कोर्टात ज्याला सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट म्हणतो तो तिथून येतो, आणि तो वेळेत आला तर पेढे वाटायची पाळी येते. क्रिमिनॉलॉजी म्हणजे माणूस गुन्हा का करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो, शिक्षेने नेमकं काय होतं. म्हणजे सोशॉलॉजी, सायकॉलॉजीच्या अंगाने जाणारा विषय, आर्ट्सच्या पोरीला उलट जवळचा.

डिमांडचं खरंय तसं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय. पण ती भरती सायन्सवाल्यांची. तुमच्या मुलीने आधी सनद मिळेल असा पाच वर्षांचा लॉ धरावा, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला. नुसत्या क्रिमिनॉलॉजीच्या कागदावर कोर्टात उभं राहता येत नाही, खरं सांगायचं तर १६ वर्षांत उलटतपासात मला त्या विषयाचा काडीचा उपयोग झालेला नाही.

चौथं_वर्ष
काकू मी पुण्यात बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे सो थोडं फ्रेश सांगते. बीए एलएलबी हाच मुळात इंटिग्रेटेड कोर्स आहे, पहिली दोन-तीन वर्षं सोशॉलॉजी, पॉलिटिकल सायन्स, इकॉनॉमिक्स असतंच सोबत. आणि सर वर नियम सांगतायत ना त्याच नियमांच्या यादीत ऑनर्ससाठी विषयांचे गट दिलेत, त्यात एक पूर्ण गट क्राइम अँड क्रिमिनॉलॉजीचा आहे! क्रिमिनल सायकॉलॉजी, पिनॉलॉजी (शिक्षेचा अभ्यास) आणि व्हिक्टिमॉलॉजी (पीडितांचा अभ्यास), प्रिझन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, प्रोबेशन-परोल, व्हाइट कॉलर क्राइम, फॉरेन्सिक सायन्स पण. म्हणजे तिला जे हवंय ते कागदावर इथेही आहे, गोची अशी की कुठलं कॉलेज यातले किती विषय प्रत्यक्षात शिकवतं ते त्या कॉलेजवर. ब्रोशरवर जाऊ नका, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना फोन करून विचारा की ऑप्शनलला खरंच चॉइस मिळतो का सगळ्यांना एकच विषय माथी मारतात. मला पिनॉलॉजी हवं होतं, मिळालं नाही, दहा मुलं पण नाही झाली म्हणे.

परीक्षांचं: एमएच सीईटी लॉ (५ वर्षं) मराठीतून पण देता येते, निगेटिव्ह मार्किंग नाही, पुण्याचं आयएलएस, मुंबईचं जीएलसी ही सगळी कॉलेजं त्यातून. ओपनला बारावीत ४५ टक्के हवेत. क्लॅट वेगळी, ती मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीजसाठी, फक्त इंग्लिशमधून, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, आणि ती डिसेंबरमध्येच असते, बारावी बोर्डाच्या आधी!! माझी त्यातच वाट लागली होती, तिला आत्ताच सांगा.

आणि गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत बीएस्सी एलएलबी आहे. नाव ऐकून उडी मारावीशी वाटते पण तो विज्ञानाच्या अंगाने जाणारा कोर्स आहे.

धुक्यातला_पुणेकर
इंग्लंडमधून लिहितोय, भाचीचा विषय निघाला म्हणून. इथे या जोडीच्या डिग्र्या बऱ्याच आहेत, मँचेस्टर, शेफिल्ड वगैरे, पण नावात गंमत असते. लॉ विथ क्रिमिनॉलॉजी म्हणजे बहुतेकदा एलएलबी, क्रिमिनॉलॉजी तोंडी लावायला. उलट क्रमाने असेल तर बऱ्याचदा नुसती बीए, आणि मग बॅरिस्टरसाठी जे सात पायाचे विषय लागतात (करार, टॉर्ट म्हणजे नुकसानभरपाईचे दावे, क्रिमिनल, पब्लिक, जमीन, ट्रस्ट, युरोपियन युनियनचा कायदा) ते सगळे झालेले नसतात. सॉलिसिटरसाठी २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे, ती कुठल्याही पदवीवर देता येते, त्यामुळे तिथे एवढं अडत नाही.

पण परत येऊन भारतात वकिली करायची तर बारावीनंतर थेट केलेली इथली ३ वर्षांची एलएलबी तिकडच्या पाच वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत, ब्रिज कोर्स आणि बार कौन्सिलची वेगळी परीक्षा मागे लागते. पैसे असते तरी मी हेच सांगितलं असतं, पदवी तिथेच करा आणि बाहेर यायचंच असेल तर मास्टर्सला या.

कृष्णाकाठ
बापरे एवढं सगळं! चौथं वर्ष बाळा, क्लॅट डिसेंबरात असते हे आम्हाला कुणीच बोललं नव्हतं, आत्ता सांगितलं तर तिचं तोंड बघण्यासारखं झालं. पण वकीलसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य तिने वाचलं आणि हिरमुसून बसलीये. म्हणते मला नुसतं कोर्टात भांडायचं नाहीये, मला त्या माणसांचं पुढे काय होतं ते बघायचंय.

गज_आणि_गजर
मग तिला हे वाचायला द्या. मी एमएसडब्ल्यू, नऊ वर्षं तुरुंगात सामाजिक कार्यकर्ती म्हणून जातेय. वकीलसाहेबांचा मान राखून सांगते, उलटतपासात उपयोग नसेल, पण कोर्ट म्हणजे नुसता उलटतपास का? २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. यातल्या कित्येकांना जामीन मंजूर असतो पण जामीनदार नसतो, किंवा घरच्यांना पत्ताच नसतो की आपला माणूस आत आहे. नवीन संहितेत कलम ४७९ आहे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि इतर केसेस चालू असलेले सोडून. कायदा आहे, पण यादी काढून, मागे लागून अर्ज करणारं माणूस लागतं. हे काम ज्याला कायदाही कळतो आणि माणूसही कळतो त्याचंच आहे.

आणि हा विषय परदेशी आहे असं मनात आणू देऊ नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवला होता, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागायची. १९५२ ला तो रद्द झाला तरी पारधी वस्तीवर आजही चोरी झाली की पहिली गाडी कुठे जाते ते साताऱ्यात राहून तुम्हाला मी काय सांगायचं. क्रिमिनॉलॉजी हीच, आपल्या दारातली.

नोकरीचं विचारलंत म्हणून: जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी असतो, पद कंत्राटी, पगार बेताचा, पण लॉ आणि हा विषय दोन्ही रोज वापरायला लागतात. लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत, गरीब आरोपींच्या केसेस लढवायला पगारी वकील, त्यात सहायक म्हणून नवीन मुलं पण घेतात. पुढे टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचं मास्टर्स आहे, लॉ करून तिथे गेलेली मुलं मी पाहिलीत, फार ताकदीने काम करतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर क्रिमिनॉलॉजीत नेट परीक्षा आहे.

फौजदारी_बाजू
मान्य. माझं वाक्य मागे घेतो, निम्मं. प्रोबेशनचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) अर्ज, शिक्षेवरचा युक्तिवाद, तिथे आम्ही दोन ओळी बोलतो आणि बसतो, कारण आरोपी कोण, कुठला, घरी काय, आम्हालाच माहीत नसतं. तिथे कुणी अभ्यास करून उभं राहिलं तर जज साहेब पण ऐकतात.

पण ताई, पैशाचं स्पष्ट सांगतो, ज्युनिअरशिपची पहिली तीन-चार वर्षं घरून डबा आणि पेट्रोल द्यावं लागेल असं धरून चला. जज व्हायचं डोक्यात आलं तरी मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आता आधी तीन वर्षं वकिली करावीच लागते, पूर्वीसारखं कॉलेजातून थेट नाही. यांना म्हणावं एमपीएससी कुठे पळून जात नाही, लॉ झाल्यावर पण देता येते.

शेवटची_लोकल
मी फॉरेन्सिक मागे घेत नाही पण सायन्स नाही वाचलं, सॉरी 😅

कृष्णाकाठ
अहो चालायचंच. तर सध्या ठरलंय असं, सीईटी आणि क्लॅट दोन्ही फॉर्म भरायचे, कॉलेज निवडताना ऑप्शनलचं आधी विचारायचं, बीए एलएलबीच. यांनी एक अट घातलीये, आधी एक दिवस कोर्टात जाऊन बसून बघ, मग बोल. मंगळवारी मी आणि ती जाणार. असं कुणालाही आत जाता येतं का? पास वगैरे?

फौजदारी_बाजू
पास नाही, कोर्ट खुलं असतं. मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं, जज साहेब आले-गेले की उठायचं. पॉक्सोच्या केसेस बंद दाराआड चालतात, तिथून बाहेर काढलं तर वाईट वाटून घेऊ नका. साडेदहा-अकराला जा, दुपारनंतर रिमांडला आणलेले आरोपी दिसतील, पोर तेच बघायला आलीये ना. पंच (पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार) फितूर होताना बघायला मिळाला तर नशीब. आणि डबा घरून न्या, आमच्याकडच्या कँटीनचा वडा हा स्वतंत्र गुन्हा आहे, तुमच्याकडचं तुम्ही सांगा.

चौथं_वर्ष
काकू ती आली की इथे लिहायला सांगा तिला काय वाटलं ते!