पाच आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी तीन-तीन तास रडतं. काय द्यावं, काय करावं?

नवीआई_नाशिक

बाळ पाच आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं. जन्माचं वजन २.९ किलो, आता ३.६. दिवसभर ठीक असतं, पण दिवेलागणीला जे सुरू होतं ते रात्री दहापर्यंत. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, पोट कडक, वारा भरपूर सरतो. अंगावर पाजते. संध्याकाळी दूध पुरत नाही असं वाटतं म्हणून पावडरच्या दुधाची एक बाटली देते. शी हिरवट, फेसाळ, दिवसातून सहा-सात वेळा. कधी कधी शी होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं कुंथतं, किंचाळतं आणि मग होते ती मऊच.

डॉक्टरांनी तपासलं, "कॉलिक आहे, जाईल" म्हणाले. औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे थेंब आणून ठेवलेत, अजून दिले नाहीत. सासूबाई घुटी आणि बेंबीवर हिंग म्हणतात, आई ग्राइप वॉटर म्हणते. यातलं काय चालेल? आणि त्या तीन तासांत नेमकं करायचं काय?

शुश्रूषा

आधी ती थेंबांची बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. डायसायक्लोमाइन किंवा डायसायक्लोव्हेरिन लिहिलेलं असेल तर एक थेंबही देऊ नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे औषध वर्ज्य आहे. त्याने श्वास अडखळतो, फिट येऊ शकते, बाळ मलूल पडतं. दुकानात मागितलं की सहज मिळतं, म्हणून फार कळकळीने सांगते आहे. नुसतं सिमेथिकोन (पोटातल्या वायूचे बुडबुडे फोडणारं औषध) असेल तर अपाय नाही, पण चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही.

तुमचं वर्णन कॉलिकचंच आहे. १९५४ साली बालरोगतज्ज्ञ वेसल यांनी घातलेली जुनी व्याख्या अशी: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणं आणि बाळ एरवी ठणठणीत. आता तीन आठवडे वाट पाहत बसत नाहीत. बाळाला ताप नाही, आजार नाही, वजन नीट वाढतंय, एवढं पाहतात. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे अजून थोडं वाढेल, तेव्हा घाबरू नका. कमी दिवसांच्या बाळांसाठी हे आठवडे बाळंतपणाच्या मूळच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

तरीही रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं की बाळाला भरपूर उजेडात पूर्ण उघडं करून टाळूपासून तळव्यापर्यंत पाहा. हातापायाची बोटं एकेक करून सोडवा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा लांब केस बोटाला किंवा मुलाच्या शिश्नाला वेढून रुततो. पुढचा भाग सुजून लाल-जांभळा दिसतो. करगोटा, मनगट्या, काळा दोरा खाली करकोचा पाडतोय का बघा. जांघेत किंवा अंडकोषात फुगवटा, डोळ्यावर नखाचा ओरखडा, कानात पू, जिभेवर न पुसली जाणारी पांढरी बुरशी, हेही पाहा. भर उन्हाळ्यात टोपी, मोजे आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ नुसत्या उकाड्यानेही रडतं. मानेमागे हात लावा, घाम असेल तर एक थर काढा.

लगेच दवाखाना कधी? काखेतला ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त (या वयात घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही), हिरवी उलटी, प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, टाळू फुगलेली, पोट फुगून हात लावू न देणं, जांघेतली गाठ कडक होणं, दूध ओढणंच सोडणं, दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू, किंवा रडणं थांबून बाळ ढिलं पडणं.

कुंथण्याबद्दल. शी मऊ असेल तर तो बद्धकोष्ठ नाही. पोटाने जोर द्यायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचं, हा मेळ बाळाला अजून जमत नाही, म्हणून ते रडून जोर लावतं. काही आठवड्यांत जमतं. तोवर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घालणं, साबणाची वडी लावणं नको. आतली त्वचा सोलवटते.

पान्हा_सल्ला

दुधाच्या बाजूचं मी लिहिते. पाच आठवड्यांत ७०० ग्रॅम वाढ चांगली आहे, कारण जन्मानंतर उतरलेलं वजनच भरून यायला दहा-चौदा दिवस जातात. त्यामुळे दूध पुरत नाही ही शंका वजनच खोडून काढतं. संध्याकाळी स्तन मऊ, रिकामे वाटतात. तेव्हा दूध थोडं कमी पण जास्त स्निग्ध असतं, आणि बाळ अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतं. ते मागेल तेवढं पाजा. रोजच्या बाटलीने उलट स्तनांना मागणी कमी पोचते आणि दूध खरोखर घटतं. सहा-सात वेळा शू होत असेल तर ती बाटली हळूहळू बंद करता येईल. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर करा.

हिरवट फेसाळ शी आणि चांगलं वजन असेल तर बहुतेक वेळा एकच कारण दिसतं: पाच-सात मिनिटांत बाजू बदलली जाते. मग सुरुवातीचं पातळ, साखर जास्त असलेलं दूध दोन्हीकडून पोटात जातं आणि त्या साखरेचा आतड्यात वायू होतो. एक बाजू बाळ आपणहून सोडेपर्यंत पाजा, मग दुसरी द्या. घेतली नाही तर पुढच्या वेळी तिथून सुरू करा. मात्र तासन्‌तास एकाच बाजूने पाजायचं तंत्र अंदाजाने करू नका, त्याने दूध आटतं.

पकड पाहा. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, वरचा काळा भाग खालच्यापेक्षा जास्त दिसणारा. 'चक् चक्' आवाज किंवा गालाला खळी म्हणजे हवा जातेय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरा. ढेकर नाहीच आली तर पाठ बडवत बसायची गरज नाही.

बाटली द्यायचीच असेल तर पाणी आधी, पावडर नंतर. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो. डब्यातलाच चमचा, दाबून किंवा शीग लावून नाही. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांखाली जायच्या आधी मिसळा आणि मग बाटली नळाखाली धरून निववा. जोरात हलवलं की फेस होतो आणि ती हवा पोटात जाते. गोल फिरवा, फेस बसू द्या. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी.

शीमध्ये शेम किंवा रक्ताचे धागे, अंगावर इसब, सतत उलट्या असं काही जोडीला असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी तपासावी लागते. तेव्हा आईने दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर पूर्ण बंद करून पाहायचं, पण डॉक्टरांना सांगून आणि कॅल्शियम सुरू ठेवून. तुमच्या बाळात तसं दिसत नाही. उगाच वांगं, बटाटा, डाळ सोडून बाळंतिणीने उपाशी राहू नये.

कोकणकडा

शुश्रूषाताई, घुटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, एकेक वेढाच तर देतात. हिंग तर फक्त वरून. त्यात नेमका धोका काय?

शुश्रूषा

रास्त प्रश्न आहे, कारण घरातली माणसं ते मायेनेच देतात. पहिली अडचण मात्रेची. जायफळाच्या एका वेढ्यात किती उतरलं हे सहाणेचा खरखरीतपणा आणि हाताचा दाब ठरवतो. जायफळ आणि वेखंड जास्त गेलं की गुंगी येते. बाळ शांत झालं असं वाटतं, पण ते दूधही कमी ओढतं. दुसरी अडचण सहाणेची: मुरुडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम ओलसर राहतात, त्यांना बुरशी येते. तिसरी मधाची: वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नाही, ते ग्राइप वॉटरलाही लागू.

हिंगाचा पातळ लेप नाळ पडून बेंबी पूर्ण सुकल्यावर, बेंबीच्या भोवती लावला तर फार तर पुरळ येईल. उपयोगाचा पुरावा नाही, पण घरात शांतता राहत असेल तर मी अडवणार नाही. शेगडीचा शेक आणि ओवा-वावडिंगाची धुरी मात्र ठाम नको. भाजल्याची आणि छाती भरलेली बाळं त्यातूनच येतात. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या ओवाळा, विस्तवावर टाकायला खोलीबाहेर न्या.

रात्रपाळीचा_बाबा

तीन तासांचं सांगतो. एका वेळी एकच उपाय, किमान पाच मिनिटं. दर मिनिटाला नवं काही केलं की बाळ आणखी बिथरतं.

सहाच्या आधीच दिवे मंद करा, पाहुणे आणि टीव्ही बंद. या वयात बाळ तास-दीड तासापेक्षा जास्त जागं राहिलं की थकून रडतं, त्यामुळे दुपारची झोप चुकवू नका. रडू लागलं की आधी छाती द्या. भूक नसेल तर पालथं हातावर घ्या: डोकं तुमच्या कोपराशी, पोट तुमच्या हातावर, तुमचा पंजा त्याच्या मांड्यांमध्ये. तसंच सपाट जागी एका लयीत चाला. जपानच्या रायकेन संस्थेतल्या २०२२च्या अभ्यासात रडणाऱ्या बाळांना पाच मिनिटं न थांबता उचलून फिरवलं तर ती शांत झाली आणि बरीच झोपली. मग पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसून नंतर खाली ठेवलं तर जाग कमी आली. आपण झोपलं की लगेच पाळण्यात टाकतो, तिथे गडबड होते.

सुती दुपट्यात हात गुंडाळा, पण मांड्या बेडकासारख्या फाकवता येतील एवढं खाली सैल. झोपवताना उताणंच. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो, म्हणून रात्रभर झोळी नको.

आणि डोकं तडकलं, हात थरथरायला लागले, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढा आणि दहा मिनिटं बाहेर जा. रडण्याने त्याला इजा होत नाही, गदगदा हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होतो. घरात आळीपाळी ठरवून घ्या, आठ वाजता बाळ दुसऱ्याच्या हातात.

नवीआई_नाशिक

थेंबांवर डायसायक्लोमाइनच लिहिलंय. बाजूला काढले. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जीवाणूंच्या थेंबांचं बरंच ऐकते, ते द्यायचे का? आणि खरं सांगायचं तर मलाच सारखं रडू येतंय.

शुश्रूषा

थेंब सिंकमध्ये ओतून टाका, घरात ठेवूच नका.

प्रोबायोटिकमध्ये लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, डीएसएम १७९३८ हाच प्रकार लेबलवर हवा. रोज ५ थेंब, म्हणजे १० कोटी जीवाणू, तीन आठवडे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत रडणं कमी झाल्याचं दिसलं आहे, वरच्या दुधावरच्या बाळांत तसा फरक दिसलेला नाही. बाटली हलवून चमच्यावर घ्या, गरम दुधात घालू नका. बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी आहे, तरी डॉक्टरांना एकदा विचारून सुरू करा. तीन आठवड्यांत फरक नसेल तर बंद.

तुमच्या रडण्याचं: बाळंतपणानंतरचे पहिले दहा-बारा दिवस असं होतं. पाचव्या आठवड्यातही सतत होत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर ते उपचाराने बरं होणारं दुखणं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटलं तर आत्ता या क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि बाळ त्यांच्याकडे द्या. सहाव्या आठवड्यात लसीकरणाला जाल तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांनाही सांगा, आणि आज रात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर दुसऱ्या कुणाला करू द्या, म्हणजे सलग चार तास झोप मिळेल.