'तू आता आमच्या घरचीच' म्हणणाऱ्या मालकांकडची नोकरी: अनुभव येऊ द्या

पेठेतली
परवा माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात एक किल्ली सापडली. घरातल्या कुठल्याच कुलपाला लागेना. मग आठवलं, ही जुन्या मालकांच्या बंगल्याची! उद्यमनगरात त्यांच्याकडं नऊ वर्षं अकाउंट्स बघितले. सगळं घर महाबळेश्वरला गेलं की त्यांच्या कुत्र्याला दूध-भाकरी घालायला मी जायची. मुलाखतीत 'तू आता आमच्या घरचीच' म्हणाले तेव्हा काय बरं वाटलेलं. थोरल्या वहिनींच्या भिशीच्या जेवणाचं बिल 'स्टाफ वेल्फेअर'मध्ये घाल, धाकट्यांच्या मुलीची स्कूटी कंपनीच्या नावावर दाखव. पगार वाढवून मागितला की 'घरात कोण पैसे मागतं का गं?' सोमवारची सुट्टी त्यांच्याकडच्या बारशा-वास्तुशांतीत जायची, आणि तिथं मी पाहुणी नाही, वाढपी.
तुमचं लिहा. नावं नकोत, कोल्हापूर एवढंसं आहे.

कोअरशॉप
शिरोलीत फौंड्री. सकाळी वडील सांगणार, आधी हाउसिंगचे मोल्ड भरा. अकराला पोरगं येणार, पुण्यातनं एमबीए, ते थांबवा, पंपाची ऑर्डर आधी. दुपारी काका. काका नुसते जेवायला यायचे पण ओरडून जायचे. लोखंड काय यांची मीटिंग संपायची वाट बघतंय होय? एकदा दोघांची जुंपली अन् लॅडलमधलं, ओतायच्या भांड्यातलं लोखंड तिथंच गार झालं. मग दोघं मिळून माझ्याकडं बघाय लागले. रिजेक्शन माझ्या नावावर.

कटवडा
हा काका सगळ्या कंपन्यांत एकच फिरतोय काय? आमच्याकडं पण होता. सफारी घालायचा.

कोअरशॉप
सफारीच!! भावा कुठली कंपनी तुझी

कटवडा
नावं नकोत म्हटलंय वर

गूळढेप
शाहूपुरीत अडत दुकान. भावाभावांची वाटणी झाली. ट्रक वाटले, गोदाम वाटलं, काटे वाटले, मग आमच्यावर आले. मी थोरल्यांच्या वाट्याला, माझा जोडीदार धाकट्यांच्या. पंधरा वर्षं एका डब्यातनं जेवलेलो आम्ही. दुसऱ्या दिवसापासनं 'तिकडच्यांशी बोलायचं नाही'. मग विद्यापीठाच्या रस्त्याला जाऊन चोरून चहा प्यायचो. बायकोला वाटलं माझं काहीतरी लफडं आहे.

रंकाळ्याची हवा
गूळढेप 😂😂 कुकर लावलाय, हसून शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
आमच्या ह्यांचं सांगते. हातात 28 हजार, पण स्लिपवर 12. बाकी पाकिटात. तेव्हा बरं वाटायचं, कटत नाही काही. फ्लॅटच्या कर्जाला गेलो तर बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, 12 हजारावर कसं बसवू? पाकीट काय दाखवायचं त्यांना! पीएफ पण त्या 12 वरच.

दुसरी शिफ्ट
तुमच्याकडं पीएफ होता हे नशीब ताई. 20 माणसं झाली की पीएफ लागतो. आमच्याकडं कायम 19. विसावा आला की मेहुण्यांच्या नावावरच्या फर्ममध्ये. मशीन तेच, छप्पर तेच, बोर्ड दोन.
@पेठेतली, नोकरी सोडताना मालकांनी द्यायची ग्रॅच्युइटी मिळाली का?

पेठेतली
विचारायलाच लाजले. निघताना साडी दिली.

दुसरी शिफ्ट
अहो दहा माणसं असली तरी लागू होते, पाच वर्षं झाली की हक्काची. शेवटचा मूळ पगार किती होता?

पेठेतली
13 हजार

दुसरी शिफ्ट
भागिले 26, गुणिले 15, गुणिले 9 वर्षं. 67,500 होतात.

कटवडा
म्हणजे साडेसदुसष्ट हजाराची साडी की ताई. जपून नेसा.

पेठेतली
एकदा नेसले. रंग गेला.

चिखली रोड
वेगळं लिहितो, रागावू नका. 2019 च्या पुरात पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडून गेलेली. आमचं घर पाण्यात. मालकांनी कागद न करता 20 हजार हातात ठेवले, पोरांना आठ दिवस त्यांच्या वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. मोठ्या कंपनीत अर्ज करत बसलो असतो. मात्र ते 20 हजार फेडल्यावर पण 2023 पर्यंत नोकरी सोडायचं तोंड झालं नाही. दोनदा चांगली संधी आलेली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. वडील म्हणाले पुरात कोण उभं राहिलं ते आठव. आठवत बसलो.

गूळढेप
हे खरं आहे बघा. चिडायची पण चोरी.

रंकाळ्याची हवा
माझा भात लागला तो लागलाच. बरं ताई, ती किल्ली परत देणार का?

पेठेतली
काय म्हणून जाऊ? कुत्रं पण गेलं म्हणे मागच्या वर्षी.

कटवडा
नाव काय होतं?

पेठेतली
त्यांनी ठेवलेलं टायगर. मी वाघ्या म्हणायची, त्यालाच ओ द्यायचं.